कडेवरचं मूल, अपुरा श्वास

मूल वर्ष-दीड वर्षाचं असताना आईला धाप लागते, याचं कुणाला नवल वाटत नाही. रात्रीची झोप मोडलेली, दिवसभर त्याच्यामागे धावणं, वर दहा किलोचं बाळ कडेवर घेऊन जिने चढणं. घरचे म्हणतात, अशक्तपणा आलाय. डॉक्टर हिमोग्लोबिन तपासतात, कधी दमा समजून पंप लिहून देतात. बहुतेक आयांच्या बाबतीत तेच खरंही असतं. म्हणूनच ‘लॅम’ नावाचा आजार या आडोशाला वर्षानुवर्षं लपून राहू शकतो.

लॅम म्हणजे लिम्फँजिओलियोमायोमॅटोसिस. हा जवळजवळ फक्त स्त्रियांना होतो आणि बहुधा पाळी सुरू असण्याच्या वयात, म्हणजे मुलं लहान असतात त्याच काळात, डोकं वर काढतो. दहा लाख स्त्रियांमागे अगदी मोजक्याच जणींना. कित्येक डॉक्टरांना उभ्या कारकिर्दीत याचा एकही रुग्ण भेटत नाही.

आपल्या पेशींत टीएससी-१ आणि टीएससी-२ अशी दोन जनुकं असतात. ती वाढीला ब्रेक लावतात. लॅममध्ये काही पेशींतला हा ब्रेक निकामी होतो आणि ‘एमटॉर’ नावाचं वाढीचं यंत्र अखंड चालू राहतं. अशा पेशी रक्तातून आणि लसिकेतून (लिम्फमधून) फुप्फुसात पोचतात, तिथे साचतात आणि आजूबाजूची नाजूक ऊती विरघळवणारी विकरं (एन्झाइम्स) सोडतात. जिथे बारीक वायुकोश होते तिथे गोल, पातळ भिंतीच्या पोकळ्या तयार होतात. एचआरसीटी या छातीच्या बारकाईने काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये त्या दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या, काळ्या गोलांसारख्या दिसतात.

पोकळीतही हवा असतेच, मग श्वास का पुरत नाही? एखाद्या घरातल्या आठ लहान खोल्यांच्या मधल्या भिंती पाडून एक दालन केलं, तर जागा तेवढीच राहते, भिंती मात्र कमी होतात. आणि फुप्फुसाचं सगळं काम चालतं ते भिंतींवर. ऑक्सिजन तिथूनच रक्तात उतरतो. शिवाय याच भिंती बारीक श्वासनलिकांना चहूबाजूंनी ताणून उघड्या ठेवत असतात. त्या गेल्या की श्वास सोडताना नलिका मिटू लागतात आणि हवा आतच अडकते. आधीचा श्वास पुरता बाहेर पडण्याआधीच पुढचा घ्यावा लागतो.

मूल उचलून चढताना होतं ते हेच. पावलं भराभर पडतात, स्नायू जास्त ऑक्सिजन मागतात, श्वासाला वेळ कमी मिळतो. फुप्फुसांच्या पुनर्वसनात शिकवतात की ओठ चंबूसारखे करून, घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ द्यायचा. त्या उलट्या दाबाने नलिका थोडा वेळ उघड्या राहतात. पण रडणारं मूल मिठी मारून बसलेलं असताना शांतपणे श्वास मोजणं किती कठीण आहे, हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. त्यामुळे आधी बसायचं आणि मुलाला स्वतःहून मांडीवर चढू द्यायचं, हा उपाय मला फार मोलाचा वाटतो. त्यात मिठी तशीच राहते.

अनेकींचं निदान वेगळ्याच वाटेने होतं. एखादी पोकळी फुटते, हवा फुप्फुसाबाहेर छातीत शिरते आणि फुप्फुस आकसतं. छातीच्या एका बाजूला अचानक तीव्र कळ येते, श्वास तोकडा पडतो. याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. लॅममध्ये तो पुन्हा पुन्हा होतो, म्हणून पहिल्याच वेळी फुप्फुसाचं आवरण छातीच्या भिंतीला चिकटवण्याचा उपचार सुचवला जातो. तशी कळ आली तर थेट रुग्णालय गाठायचं. मूल कुणाकडे सोपवायचं, हे मात्र आधीच ठरलेलं असावं. आजार समजल्यावर घरात पहिल्याच आठवड्यात बोलून ठेवण्याची ही गोष्ट आहे.

आता औषधाबद्दल. १९६४ मध्ये एक कॅनडियन मोहीम रापा नुई म्हणजे ईस्टर बेटावर गेली होती. तिथून आणलेल्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेन सेहगल यांनी एक रेणू वेगळा केला. बेटावरून त्याचं नाव पडलं रापामायसिन. पुढे ती प्रयोगशाळा बंद झाली आणि काम थांबवण्याचा आदेश आला. सेहगल यांनी जिवाणूचा साठा घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. तो रेणू नेमका एमटॉरला लगाम घालतो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. एमटॉर या नावातला ‘टॉर’ म्हणजे ‘टार्गेट ऑफ रापामायसिन’, तो आला या रेणूमुळेच.

त्याचंच दुसरं नाव सिरोलिमस. २०११ मध्ये लॅमच्या ८९ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. जोर लावून फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, औषध नसलेल्या गटात महिन्याला सुमारे १२ मिलिलिटरने घटत होती. सिरोलिमस घेणाऱ्यांत ती घट जवळपास थांबली. वर्षभराने औषध बंद केल्यावर घसरण पुन्हा सुरू झाली. म्हणजे ते आजार बरा करत नाही, थोपवून धरतं. २०१५ मध्ये अमेरिकेत लॅमसाठी त्याला मान्यता मिळाली.

जुन्या लिखाणात या आजाराचं चित्र फार काळं रंगवलेलं आढळतं. रात्री मूल झोपल्यावर तसलं वाचत बसणाऱ्या आईला हे सांगायलाच हवं: अमेरिकेतल्या रुग्णनोंदींच्या अभ्यासात, लक्षणं सुरू झाल्यावर दहा वर्षांनीही सुमारे ८५ टक्के स्त्रिया फुप्फुस प्रत्यारोपणाशिवाय हयात होत्या.

सिरोलिमसची किंमत रोजच्या जगण्यात मोजावी लागते. तोंड येतं, कोलेस्टेरॉल वाढतं, प्रतिकारशक्ती मंदावते. लहान मूल बाहेरून सर्दी-खोकला घरी आणणारच. मुलाला दूर ठेवणं शक्य नाही आणि ठेवूही नये. हात धुणं, आईने फ्लूची लस वेळेवर घेणं आणि ताप आल्यास डॉक्टरांना लगेच कळवणं एवढं हातात असतं. स्वतःसाठी जिवंत विषाणूंच्या लशी मात्र टाळायच्या.

दुसऱ्या मुलाचा प्रश्न याहून अवघड. इस्ट्रोजेन या आजाराला खतपाणी घालतं, म्हणून इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या टाळतात. गर्भारपणात फुप्फुस फुटण्याचा धोका वाढतो, श्वास आणखी उणावू शकतो. सिरोलिमस चालू असताना आणि थांबवल्यावरही १२ आठवडे गर्भ राहू देऊ नये असा इशारा आहे. ‘नकोच’ असं एका शब्दात उत्तर देता येत नाही. फुप्फुसं किती शाबूत आहेत हे पाहून, तज्ज्ञांशी बसूनच ठरवावं लागतं. या निर्णयात घरच्यांनी घाई करू नये, आग्रह तर मुळीच धरू नये.

आणि जवळपास प्रत्येक आई विचारते: माझ्या मुलाला होईल का? बहुतेक रुग्णांत जनुकातला बिघाड जन्मानंतर काही पेशींपुरताच झालेला असतो, तो मुलाकडे जात नाही. काहींना मात्र ट्यूबरस स्क्लेरोसिस हा आनुवंशिक विकार असतो, म्हणजे याच जनुकांतला बिघाड जन्मापासूनच असतो. तो प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. कधी तो खूप सौम्य असतो, आईला त्याचा पत्ताच नसतो. मग तान्ह्याच्या त्वचेवर फिकट पांढरे डाग दिसतात किंवा त्याला झटके येतात, तपासणीत विकार सापडतो, डॉक्टर आईवडिलांचीही तपासणी करायला सांगतात. आणि तेव्हा कुठे आईच्या छातीचा स्कॅन होतो, आणि जिन्यावरच्या त्या धापेचं खरं कारण कळतं.