हाताशी उतरणारे दाणापात्र

कोकणातल्या घरांत पाखरांना दाणे घालण्याचे काम बहुधा वडीलधारी माणसेच आवडीने करतात. मांजराचा उपद्रव नको म्हणून दाण्याचे भांडे पडवीच्या वाशाला उंच टांगलेले असते आणि ते भरण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला स्टुलावर चढावे लागते, नाहीतर मान वर करून हात डोक्यापलीकडे न्यावे लागतात. या वयात खांदे आखडलेले असतात आणि मान वर केली की अनेकांचा तोल जातो. पडून होणारे मृत्यू साठीपुढच्या व्यक्तींमध्ये सर्वाधिक असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून दाणापात्र करताना मला पाखरांच्या आधी भरणाऱ्याच्या खांद्याचा विचार महत्त्वाचा वाटतो. माणसाने भांड्यापर्यंत चढण्याऐवजी भांडेच त्याच्या कमरेपर्यंत उतरले पाहिजे.

त्यासाठी विहिरीवर असते तशा दोन लहान कप्प्या पुरतात. एक पडवीच्या कडेला भांड्याच्या वर आणि दुसरी आतल्या खांबाशी बसवून दोन्हींवरून एकच दोरी न्यावी. स्थिर कप्पी बळाची दिशा बदलते, वजन मात्र कमी करत नाही. अडीच किलोचे भरलेले भांडे चढवायला अडीच किलोचाच, किंबहुना घर्षणामुळे थोडा अधिकच, जोर लागतो. यावर उपाय प्रतिभाराचा. छपरासह रिकामे भांडे सव्वा किलोचे असेल, तर खांबाकडच्या दोरीला पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली बांधावी. तिचे वजन किलोहून किंचित जास्त असते, त्यामुळे भांड्याचे बहुतेक वजन तीच पेलते आणि माणसाला जवळजवळ दाण्यांचेच वजन ओढावे लागते. रिकामे भांडे बाटलीपेक्षा थोडे जड असल्यामुळे दोरी सैल सोडताच ते सावकाश खाली येते. ते अडखळले, तर बाटलीतले थोडे पाणी ओतून टाकावे.

दोरीचे टोक खांबावरच्या खुंटीला अडकवायचे असते. सुंभ पावसात फुगतो आणि हाताला बोचतो, तर बारीक नायलॉन दोरी बोटांत रुतते. माझ्या मावशीची बोटे संधिवाताने वाकलेली आहेत. तिच्यासाठी दोरीच्या टोकाला कुऱ्हाडीच्या जुन्या दांड्याचा वीतभर तुकडा आडवा बांधला, तेव्हा मूठ पूर्ण न वळताही तिला दोरी ओढता येऊ लागली. कप्पी शक्यतो पितळेची किंवा प्लास्टिकची घ्यावी, कारण खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते.

भांडे म्हणजे ७५ मिलिमीटर व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा ४५ सेंटिमीटर लांबीचा तुकडा. त्यात सुमारे सव्वा किलो कणी मावते. पाइपचे खालचे तोंड ताटलीपासून दोन सेंटिमीटर उंच ठेवावे. दाणे बाहेर घरंगळतात आणि सुमारे ३० अंशांच्या उताराचा ढीग करून थांबतात. या उताराने ढीग पाइपच्या कडेपासून साडेतीन सेंटिमीटर पसरतो, म्हणून कड असलेली १७-१८ सेंटिमीटर व्यासाची ताटली पुरते. पाखरांनी ढिगाची कड खाल्ली की उतार मोडतो आणि वरून तेवढेच दाणे सरकतात. टाकीत पाण्याची पातळी वाढली की तळावरचा दाब वाढत जातो. दाण्यांचे मात्र तसे होत नाही. जर्मन अभियंता यान्सेन याने १८९५ मध्ये धान्याच्या कोठारांविषयी दाखवून दिले, की दाण्यांचा बराचसा भार घर्षणामुळे भिंतीच पेलतात आणि ठरावीक खोलीनंतर तळावरचा दाब फारसा वाढत नाही. पाइप काठोकाठ भरला तरी दाणे भसकन बाहेर येत नाहीत, ते यामुळेच. भात घालायचे असल्यास फट तीन-चार सेंटिमीटर ठेवावी, कारण लांबट दाणे एकमेकांना टेकून कमान धरतात आणि तोंड बुजते. फट वाढली की ढीगही अधिक पसरतो, तेव्हा ताटली मोठी घ्यावी.

अशा पात्रावर चिमण्या, मुनिया आणि होले येतात. सलीम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला ज्यांच्या विणीचा अभ्यास केला, त्या सुगरणीही धान्यच खातात. दयाळ किंवा शिंजीर मात्र दाण्यांकडे फिरकणार नाहीत.

खरी काळजी पावसाळ्यात घ्यावी लागते. दमट हवेतली वाफ दाणे शोषून घेतात आणि त्यांतील ओलावा साधारण १४ टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरू लागते. त्यांपैकी अ‍ॅस्परजिलस जातीच्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करतात, जे पक्ष्यांच्या यकृताला घातक असते. शेंगदाण्यांत हा धोका विशेष. जून ते सप्टेंबर एका दिवसापुरतेच दाणे भरावेत, उरलेले टाकून द्यावेत आणि पाइप गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. खारवलेले शेंगदाणे किंवा फरसाण कोणत्याही ऋतूत घालू नये.

सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांमागून घोणस येते, म्हणून अंगण रोज झाडायला हवे. पण वाकून झाडणे हेही म्हाताऱ्या कमरेला जडच. त्यापेक्षा ताटलीखाली त्याच दोरीला एक पसरट ट्रे जोडावा, म्हणजे सांडलेले दाणेही भांड्याबरोबर हाताशी उतरतात. ट्रेमुळे भांडे जड होईल, तेव्हा बाटलीत पाण्याऐवजी लागेल तेवढी कोरडी वाळू भरावी; लिटरभर वाळूचे वजन दीड किलोच्या आसपास असते.