पत्त्याशेजारचे कुलूप नेमके काय सांगते?

बँकेचे संकेतस्थळ उघडल्यावर पत्त्याशेजारी कुलूप दिसले की व्यवहार सुरक्षित, असे आपल्याला वर्षानुवर्षे सांगण्यात आले. ते अर्धेच खरे आहे. आपला ब्राउझर आणि समोरचा सर्व्हर यांच्यातील मजकूर वाटेत कोणी पकडला तरी त्याला तो वाचता येणार नाही, एवढीच त्या कुलपाची हमी असते. कधीही न भेटलेल्या दोघांनी, सगळे ऐकत असताना, आपसात एक गुप्त किल्ली कशी ठरवावी याची गणिती युक्ती व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केली. भामटे तिच्या वाटेला जातच नाहीत.

ते स्वतःचेच संकेतस्थळ उभारतात. कुलूप दिसण्यासाठी त्याला लागणारे डिजिटल प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’सारखी संस्था मोफत देते आणि तो पत्ता अर्जदाराच्या ताब्यात आहे ना, एवढेच तपासते, अर्जदार सज्जन आहे की नाही हे तपासणे तिचे काम नाही. त्यामुळे बनावट पानावरही कुलूप झळकते आणि आपण पासवर्ड अत्यंत गुप्तपणे थेट चोराच्या हाती देतो. गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून हे चिन्हच काढून टाकले, ते योग्यच झाले.

खरी ओळख पत्त्यात असते, आणि तो ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरप्या रेषेपासून उलट, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो. ‘माझीबँक.केवायसी-अपडेट.कॉम’ या पत्त्याचा मालक ‘केवायसी-अपडेट.कॉम’ असतो, त्याच्या डावीकडे तो हवे ते नाव लावू शकतो. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने भारतीय बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘.बँक.इन’ने संपणाऱ्या पत्त्यांवर जाण्यास सांगितले. असा पत्ता फक्त बँकांनाच मिळतो.

ओटीपी येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण बनावट पान तो त्याच क्षणी खऱ्या बँकेकडे पुढे पाठवू शकते. पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी आपल्या फोनमध्ये किंवा संगणकात ठेवलेली डिजिटल किल्ली, मात्र ठरावीक पत्त्याशीच बांधलेली असल्यामुळे माणूस फसला तरी ती फसत नाही.

खरेदीच्या बाबतीत एक धोका आधीच कमी झाला आहे. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना आपल्या कार्डाचा क्रमांक साठवता येत नाही. त्याऐवजी मिळणारे टोकन, म्हणजे पर्यायी सांकेतिक क्रमांक, त्या दुकानापुरतेच चालते.

पैसे गेलेच, तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या दूरध्वनी क्रमांकावर आणि बँकेकडे तत्काळ तक्रार करावी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवले असेल, तर ग्राहकावर भार पडत नाही. ओटीपी स्वतःच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि त्यानंतरचे बँकेचे.