बटव्यातले पाहुणे: पडसं, सर्दी आणि ॲलर्जी

नाक वाहू लागलं की मराठीत त्याला तीन नावं आहेत: पडसं, सर्दी आणि हल्ली ॲलर्जी. 'पडसं' हे संस्कृत 'प्रतिश्याय'चं प्राकृतातून झिजत आलेलं रूप. 'सर्दी' फारसीतून आली. तिकडे 'सर्द' म्हणजे थंड. 'ॲलर्जी' हा शब्द तर १९०६ साली क्लेमेन्स फॉन पिर्के या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञाने दोन ग्रीक शब्द जोडून घडवला. आजीचा बटवाही असाच थराथराने भरत गेला आहे. आणि गंमत अशी की त्यातल्या ज्या वासांनी आपल्याला हमखास आजी आठवते, ते वासच सगळ्यांत उशिरा आले.

आधी जुना थर. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रतिश्यायाची कारणं दिली आहेत: मलमूत्रादी वेग अडवून धरणं, अजीर्ण, धूळ, फार बोलणं, ऋतूतला बिघाड, जागरण, दव, धूर. सुश्रुताने शिंकांना 'क्षवथु' असं वेगळं नाव दिलं. तिखट वास हुंगल्याने, नाकात दोरा-काडी घातल्याने आणि सूर्याकडे पाहिल्याने येणारी शिंक त्याने निराळी काढली. उन्हात पाऊल टाकताच दोन शिंका देणारा एखादा काका बहुतेक घरांत असतो. त्याची नोंद इतकी जुनी आहे.

काढ्याचा नियम शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात आहे: औषधाच्या सोळापट पाणी, मातीचं भांडं, मंद आच आणि एक अष्टमांश उरेपर्यंत आटवणं. 'अष्टमांश काढा' हा शब्दप्रयोग तिथूनच आला. घरात मात्र कुणी सोळा वाट्या मोजल्या नाहीत. दोन कप पाणी टाकायचं आणि एक कप उरला की गाळायचं, हाच रिवाज. सितोपलादि चूर्णाचं प्रमाण मात्र अजून जसंच्या तसं आहे, कारण ते विसरताच येत नाही: खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलदोडा दोन, दालचिनी एक. प्रत्येक पायरीला निम्मं. चरकाने ते राजयक्ष्म्याच्या, म्हणजे क्षयाच्या, अध्यायात सांगितलं. आपण ते साध्या खोकल्याला मधातून चाटतो. त्यातलं वंशलोचन म्हणजे बांबूच्या पेरांत साठणारा पांढरा, सिलिकायुक्त पदार्थ. पिंपळी अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीच्या पानमळ्यांच्या पट्ट्यात पिकते. जगभर मिरीला जी 'पेपर'सारखी नावं आहेत, ती या 'पिप्पली'वरूनच गेलेली.

पोथीतली औषधं आणि घरातली औषधं यांत फरक असतो. वैद्याच्या योगात दहा-वीस द्रव्यं, तर घरात डब्यात असेल ते. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकायचे, सुंठेचा तुकडा उभा धरून गोल फिरवायचा. आधी नुसतं गढूळ पाणी होतं, मग हळूहळू दाटसर, करड्या रंगाचं गंध जमतं. ते पळीत घेऊन कोमट करायचं आणि कपाळाला, नाकाच्या दोन्ही बाजूंना लावायचं. वाळताना कातडी ओढली जाते आणि चुरचुरतं, आणि ते चुरचुरणं हीच औषध लागू पडल्याची खूण मानायची. तान्ह्या बाळाला वेखंडाची पूड टाळूवर. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची.

वेखंडाबद्दल इथेच एक गोष्ट सांगून टाकतो. ते बाहेरून लावणं वेगळं आणि बाळगुटीत त्याचे वेढे उगाळून चाटवणं वेगळं. त्यातल्या बीटा-असारोन या घटकामुळे अमेरिकेने १९६८ साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. बटव्यातली प्रत्येक मुळी निरुपद्रवी असते, हा समज त्या मुळ्यांइतकाच जुना आहे.

'सर्दी' या शब्दाबरोबर युनानी वैद्यकही आलं. हकिमाचा जोशांदा म्हणजे काढाच. शब्द फारसी, अर्थ 'उकळलेलं'. त्यात बनफशा, उन्नाब, खतमी आणि ज्येष्ठमध. ज्येष्ठमध दोन्ही घरांत चालतो, म्हणून तो आपला की त्यांचा हा वाद कुणी घातला नाही.

आता त्या वासांकडे येऊ. निलगिरीचं तेल रुमालावर टाकून हुंगणं यापेक्षा 'घरगुती' दुसरं काय असेल? पण हे झाड ऑस्ट्रेलियाचं. १८४३ च्या सुमारास इंग्रजांनी ते निलगिरीच्या डोंगरांत लावलं, तेही औषधासाठी नव्हे, तर उटकमंडच्या थंडीत गोऱ्यांच्या शेगड्यांना जळण पुरेना म्हणून. डोंगराचं नाव झाडाला चिकटलं आणि झाडाचं तेलाला. चरक-सुश्रुतांना हा वास ठाऊक असणं शक्यच नव्हतं.

पुदिन्याच्या फुलाचं, म्हणजे मेंथॉलचंही तेच. स्वयंपाकघरातल्या पुदिन्यातून ते मिळत नाही. त्याचा पुदिना वेगळा आणि तो जपानचा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगाचं मेंथॉल प्रामुख्याने जपान पुरवत असे. ती जात १९५० च्या दशकात भारतात आली, उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला फोफावली आणि आज भारतच जगाला मेंथॉल विकतो. ओव्याच्या फुलाचा, म्हणजे थायमॉलचा, प्रवास उलट्या दिशेचा. पहिल्या महायुद्धाआधी आपला ओवा जहाजाने जर्मनीला जायचा आणि तिकडे त्यातून थायमॉल काढत. कापूर मुळात चीन-जपान-तैवानकडच्या झाडाचा आणि भीमसेनी कापूर सुमात्रा-बोर्निओचा. देवापुढे जळणारी आजची वडी बहुतेक वेळा टर्पेंटाइनपासून कारखान्यात झालेली असते.

यांतले तीन एका बाटलीत भरले की अमृतधारा होते. एकदा करून बघण्यासारखी गोष्ट आहे. पुदिन्याचं फूल, ओव्याचं फूल आणि कापूर समभाग घ्यायचे, कोरड्या काचेच्या बाटलीत टाकून बूच लावायचं. तिन्ही पांढरे, कोरडे, खडेदार. पाणी नाही, आच नाही. बाटली मुठीत धरून हलवली की खडे ओलसर होतात, कडांनी विरघळू लागतात आणि थोड्या वेळात बाटलीत नुसतं स्वच्छ पाणी दिसतं. लहानपणी ही जादूच वाटायची. खरं कारण असं की हे पदार्थ एकत्र आले की मिश्रणाचा वितळणबिंदू घरातल्या तापमानाच्याही खाली येतो. 'अमृतधारा' नावाचं औषध लाहोरच्या पंडित ठाकुरदत्त शर्मांनी १९०१ साली बाजारात आणलं आणि मग ते नाव घरोघरच्या बाटलीला लागलं.

त्याआधीच, १८९३ साली, काशीनाथुनी नागेश्वर राव या तेलुगू गृहस्थांनी मुंबईत अमृतांजन सुरू केलं होतं. पुढे कंपनी मद्रासला गेली, पण मराठी माणसाच्या भूगोलात तिचं नाव राहिलं. खंडाळ्याच्या घाटातल्या १८३० सालच्या जुन्या पुलावर या मलमाची जाहिरात होती, म्हणून तो 'अमृतांजन पूल' झाला. एसटीत मळमळणाऱ्या कित्येक पिढ्यांनी त्या नावानेच पुणे-मुंबई अंतर मोजलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या लन्सफर्ड रिचर्डसन या औषधविक्रेत्याने १८९० च्या दशकात मेंथॉल, कापूर, निलगिरी घालून जे मलम केलं, तेच आपलं विक्स. १९१८ च्या इन्फ्लुएंझात त्याचा खप प्रचंड वाढला. भारतात आज ती निळी डबी आयुर्वेदिक औषध म्हणून विकली जाते, आणि तिच्यावर तसं छापलेलंही असतं. बटव्यात शिरण्याची याहून सोपी वाट कुठली?

मेंथॉलने नाक मोकळं होतं का? वाटतं तसं. नाकातल्या थंडी जाणवणाऱ्या तंतूंना ते चेतवतं, त्यामुळे हवा गार आणि भरपूर येते आहे असा भास होतो. चोंदलेली वाट फारशी रुंदावत नाही. तरी रात्री दोनला तो भासही कमी मोलाचा नसतो. कापूर मात्र पोटात जाऊ देऊ नये. लहान मुलांना त्याने झटके येऊ शकतात आणि तान्ह्या बाळाच्या नाकाशी तर तो नेऊच नये.

आल्याचा चहाही असाच तरुण. आलं जुनं, चहा नवा. इंग्रजांच्या मळ्यांतला चहा सामान्य मराठी घरांत रुजला तो विसाव्या शतकात, तोही चहावाल्यांनी गावोगाव प्रचार केल्यावर.

मग २०२० आलं. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने काढ्याचं प्रमाण जाहीर केलं: तुळस चार भाग, सुंठ दोन, दालचिनी दोन, काळी मिरी एक. जोडीला हळदीचं दूध. हळदीभोवती अभिमानाचं वलय आधीच होतं. अमेरिकेत १९९५ साली दिलेलं हळदीचं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये रद्द करवलं होतं. ते पेटंट जखम भरण्याबद्दलचं होतं, पडशाशी त्याचा संबंध नव्हता. पण एवढा बारकावा कोण लक्षात ठेवतो? त्या टाळेबंदीत काढ्याचं भांडं गॅसवरून उतरेना आणि दिवसातून चारदा मिरी-दालचिनी पिऊन कित्येकांच्या छातीत जळजळ सुरू झाली. पुढच्या वर्षी कापूर-लवंग-ओव्याची पुरचुंडी हुंगल्याने ऑक्सिजन वाढतो, असे निरोप मोबाइलवर फिरले. तसं काही होत नाही. योगायोग असा की काढा घरोघर उकळत होता त्याच एप्रिलमध्ये, रस्ता रिकामा आहे तोवर, अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडण्यात आला.

या सगळ्यातून नव्या वैद्यकानेही मान्य केलेली वस्तू म्हणजे मध. २०१८ साली ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने साध्या खोकल्याला आधी मध घेऊन पाहावा असं सुचवलं. एका वर्षाखालच्या बाळाला मात्र नाही, कारण बोट्युलिझम या जिवाणूच्या विषाने होणाऱ्या आजाराचा धोका असतो.

उरला तिसरा शब्द. साध्या पडशाला बटवा पुरतो, कारण विषाणूमुळे झालेलं पडसं आठवडा-दहा दिवसांत आपणच जातं आणि श्रेय त्या वेळी हातात असलेल्या वाटीला मिळतं. ॲलर्जीला ही सवलत नाही. परागकण हवेत आहेत तोवर शिंका चालूच राहतात, काढा कितीही आटवा. इंग्लंडमध्ये जॉन बोस्टॉक या डॉक्टरने १८१९ साली स्वतःच्याच उन्हाळी शिंका आणि खाजणाऱ्या डोळ्यांचं वर्णन लिहून ठेवलं, तिथपासून या दुखण्याला स्वतंत्र ओळख मिळाली. आपल्याकडे चरकाने धूळ, धूर आणि ऋतुबदल ही कारणं अचूक हेरली होती. पण आज महाराष्ट्रात कित्येकांना बेजार करणारं गाजर गवत त्या काळी इथे नव्हतंच. मूळ अमेरिका खंडातलं हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात नजरेस आलं. परदेशी गव्हाबरोबर आलं असं सांगतात. लोकांनी त्याला काँग्रेस गवत म्हटलं आणि ते रस्त्याकडेला, पडीक जमिनीत सगळीकडे पसरलं. पणजीच्या बटव्यात त्यावर उतारा नाही तो याच कारणाने.

इथे उपयोगी पडते ती बटव्याबाहेरची जलनेती, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणं. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात आहे ती सूत्रनेती, नाकातून दोरा ओवण्याची. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली. अशा क्रिया मठाबाहेर, नोकरदारांच्या न्हाणीघरापर्यंत पोचवण्यात या संस्थेचा वाटा मोठा. मिठाचं पाणी नाकातले परागकण आणि शेंबूड धुऊन काढतं, एवढंच त्याचं काम. ॲलर्जीच्या नाकाला त्याने आराम पडतो हे आता डॉक्टरही सांगतात. लिटरभर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, नळाचं चालत नाही. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारी दोन माणसं मेंदूत अमीबा शिरून दगावली. पाणी प्यायलं असतं तर काही झालं नसतं. तो जीव पोटातून नाही, नाकातून आत जातो.