मेमरीचं पान नासलं, तर पाहुण्याला कोण सांगणार?

रॅममधला एखादा बिट मधूनच पलटतो, शून्याचा एक होतो. सर्व्हरच्या रॅममध्ये म्हणून दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवतात. त्यांच्या आधारे एक बिट चुकला तर गुपचूप दुरुस्त होतो. दोन चुकले तर चूक झाल्याचं फक्त कळतं. हे अगदीच दुर्मीळ नाही. गूगलच्या सर्व्हरांवरच्या २००९ च्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅमपट्ट्यांत दुरुस्त होणाऱ्या चुका सापडल्या होत्या.

न दुरुस्त होणारी चूक दिसली की प्रोसेसर ‘मशीन चेक’ची हाक देतो. पूर्वी त्यावर बहुधा अख्खं यंत्रच बंद पडे. २००९ च्या डिसेंबरात आलेल्या लिनक्स २.६.३२ पासून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, नासलेलं तेवढंच पान (मेमरीचा ४०९६ बाइटांचा तुकडा) बाद करू शकतो. पानावर फाइलची न बदललेली प्रत असेल तर डिस्कवरून ती पुन्हा वाचली की झालं. एकुलता एक मजकूर असेल, तर मात्र तो वापरणारा प्रोग्रॅम मारला जातो.

गोची इथेच आहे. सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन; सर्व्हर यजमान, तर हे मशीन पाहुणा. यजमान लिनक्सच्या लेखी आख्खं व्हर्च्युअल मशीन म्हणजे क्यूएमयू नावाचा एक प्रोग्रॅम. तो मारला की आतलं सगळंच गेलं, मग नासलेलं पान आत रिकामं पडलेलं का असेना! म्हणून क्यूएमयू मरणाचा संदेश स्वतःच झेलतो आणि केव्हीएम या लिनक्समधल्या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या भागामार्फत पाहुण्या कर्नलला खोटा मशीन चेक पाठवतो. त्याआधी पत्ता बदलावा लागतो, कारण यजमानाचा पत्ता पाहुण्याला ठाऊकच नसतो. जुन्या सर्व्हे नंबरावरून गट नंबर काढण्यासारखंच. पुढे काय वाचवायचं आणि काय सोडायचं, हे पाहुणा ठरवतो. मला ही वाटणी पटते. आतलं पान कोणाचं, हे आतल्यालाच माहीत.

रीबूटनंतर पाहुणा बाद पानांची यादी विसरतो. क्यूएमयू विसरत नाही, त्या जागी नवं पान देतो.

मोठ्या पानांचं दुखणं मात्र मोठं. वेगासाठी २ एमबीची पानं राखून ठेवली असतील, तर एका डागापायी ५१२ लहान पानांएवढी जागा हातची जाते. १ जीबीच्या पानाचं तर बोलायलाच नको.

आणि चालू मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना पानं वाचावी लागतात. नासलेल्या पानाला हात लावला की क्यूएमयूच कोसळे. त्यामुळे आता असं पान असलेलं मशीन हलवायला तो सरळ नकार देतो, म्हणजे नेमकं जेव्हा त्या सर्व्हरवरून हलावंसं वाटतं तेव्हाच.