'आर'मधली क्रमवारी : ऑर्डरपासून सॉर्ट-बायपर्यंत

मराठवाड्याचे 8 जिल्हे, 76 तालुके, जून ते सप्टेंबर हे 4 महिने : पावसाच्या तक्त्यात 304 ओळी होतात. तालुकावार बेरीज 'आर' या आकडेवारीच्या संगणक भाषेत ॲग्रीगेट या फंक्शनने, म्हणजे तयार आज्ञेने, एका ओळीत होते. गाडी अडते ती पुढे, सर्वांत कमी पावसाचा तालुका वर आणताना. सॉर्ट हे फंक्शन अख्खी डेटा फ्रेम, म्हणजे ओळी-स्तंभांचा तक्ता, क्रमाने लावून देत नाही.

याचं मूळ 'एस' भाषेत आहे. बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी 1976 पासून ती घडवली. ऑकलंडच्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांची 'आर' तिच्याच वळणावर गेली. या घराण्यात पाया व्हेक्टरचा, म्हणजे किमतींच्या एकेरी यादीचा. डेटा फ्रेम मागून आली. म्हणून ऑर्डर हे फंक्शन क्रमाने लावलेल्या किमती देत नाही, त्यांच्या मूळ जागा सांगतं : 640, 510, 720 दिले तर उत्तर 2, 1, 3. हे आकडे तक्त्याच्या नावापुढे चौकटी कंसात स्वल्पविरामाआधी लिहायचे. स्वल्पविराम राहिला की 'आर' त्यांना स्तंभांचे क्रमांक समजते आणि 76 ओळींच्या तक्त्यात असे स्तंभ नाहीत म्हणून कुरकुरते.

बेरजेला आधी नाव द्या, मग तेच नाव कंसाबाहेर आणि आत पुन्हा लिहा, ही खरी कटकट. 2014 मध्ये आलेल्या डीप्लायर या जोड-पॅकेजमधल्या अरेंज या फंक्शनने ती घालवली, पण ते पॅकेज वेगळं बसवावं लागे. मूळ 'आर'ला पाइप, म्हणजे एका फंक्शनचं उत्तर पुढच्याला देणारं चिन्ह, 4.1.0 या आवृत्तीत, 2021 साली मिळाला. अख्खा तक्ता स्तंभानुसार लावणारं सॉर्ट-बाय थेट 4.4.0 मध्ये, 2024 साली. उशीरच म्हणायचा. आता ॲग्रीगेट, पाइप, सॉर्ट-बाय आणि टिल्ड (~) या चिन्हापुढे स्तंभाचं नाव, एवढ्यात काम होतं.

जिल्हा चढता पण पाऊस उतरता हवा असेल तर जुनं ऑर्डरही सोपंच : पावसाच्या स्तंभाआधी उणे चिन्ह. जिल्ह्याच्या नावाला मात्र ते लावता येत नाही, मजकुराला उणे चालत नाही. पाऊसच मजकूर म्हणून वाचला गेला असेल, तर चढत्या क्रमात 1020 हा 95 च्या आधी येतो.

क्रम बरोबर दिसूनही बेरीज चुकलेली असू शकते. टिल्डचं सूत्र वापरून लिहिलेलं ॲग्रीगेट रिकाम्या नोंदींच्या ओळी न सांगता गाळतं. एका महिन्याची नोंद नसलेला तालुका 3 महिन्यांच्या बेरजेवर यादीत सर्वांत कोरडा ठरू शकतो. आणि जुन्या वर्षांत 'उस्मानाबाद', 2023 नंतर 'धाराशिव' असेल, तर एकाच जिल्ह्याचे दोन गट पडतात.