सूट-मार्गदर्शन (विक्री-कोटेशन)

विक्रीचे कोटेशन तयार करताना कोणत्या वस्तूवर किती टक्के सूट रास्त ठरेल, हे विक्री प्रतिनिधीला त्याच स्क्रीनवर सुचवणारी सॉफ्टवेअरमधील सोय. तिला ‘डिस्काउंट गायडन्स’ असेही म्हणतात. ‘सीपीक्यू’, म्हणजे कॉन्फिगर, प्राइस, कोट (वस्तूची जुळणी, किंमत आणि कोटेशन ठरवणे) या प्रकारच्या सॉफ्टवेअरमध्ये ती सापडते. या क्षेत्रातल्या बिगमशीन्स या कंपनीची खरेदी ओरॅकलने २०१३ मध्ये, तर स्टीलब्रिकची सेल्सफोर्सने २०१५ मध्ये जाहीर केली.

मांडणी बहुधा तीन टप्प्यांची असते : अपेक्षित सूट, वरिष्ठांची मंजुरी लागेल ती मर्यादा आणि ज्याखाली किंमत जाऊ द्यायची नाही तो तळ. समजा, प्रतिनिधीने ८ टक्के सूट टाकली, तर ओळ हिरवी राहते. १४ टाकल्यास पिवळी होते. २२ टाकताच लाल होऊन कोटेशन मंजुरीसाठी अडते. ग्राहक फोनवर थांबलेला असताना हा रंग दिसणे महत्त्वाचे. महिनाअखेरच्या अहवालात तीच चूक कळून उपयोग नसतो, तोवर शब्द दिलेला असतो.

आकडे ठरवण्यासाठी जुने व्यवहार वस्तू, ऑर्डरचे प्रमाण, ग्राहकाचा आकार आणि नवा की जुना ग्राहक यांनुसार गटांत विभागतात. प्रत्येक गटात सरासरीपेक्षा मध्यक घेणे चांगले, कारण एखाद्या अवाढव्य सुटीने सरासरी ओढली जाते. गटात व्यवहार मोजकेच असतील, तर गट मोठा करावा लागतो. खरा धोका मात्र वेगळाच आहे. जुन्या नोंदींत जुन्या सवयीही असतात. पूर्वी सढळ हाताने सूट दिली गेली असेल, तर सॉफ्टवेअर तीच सवय नियम म्हणून परत देते. म्हणून हातचे गेलेले व्यवहारही तपासायला हवेत आणि तळ हा इतिहासावरून न ठरवता खर्चावरून ठरवायला हवा.

हिशेब कठोर आहे. १०० रुपयांच्या वस्तूचा खर्च ६० असेल, तर १० टक्के सुटीने नफा ४० वरून ३० वर येतो. तेवढाच एकूण नफा राखायला नगांची विक्री एक तृतीयांशाने वाढावी लागते. २० टक्क्यांना ती दुप्पट व्हावी लागते. एकावर एक सुटीही फसव्या असतात : १० टक्क्यांवर पुन्हा १० टक्के म्हणजे २० नव्हे, १९. शिवाय उधारीची मुदत, मोफत वाहतूक, वर्षअखेर ग्राहकाला परत दिली जाणारी रक्कम या सवलती कोटेशनच्या ओळीत दिसतच नाहीत. त्या मोजल्या नाहीत, तर हिरवी ओळसुद्धा तोट्याची असू शकते.

मंजुरीची मर्यादा १५ टक्के असेल, तर पुष्कळ कोटेशने १४.९ किंवा १५ वरच येऊन थांबतात. मर्यादाच प्रतिनिधीची पहिली ऑफर बनते. अशी गर्दी दिसली की अपेक्षित सुटीचा आकडा ठळक दाखवणे, मर्यादा मागे ठेवणे आणि जास्त सुटीचे कारण लिहायला रकाना देणे हे उपाय केले जातात. त्या रकान्यात ‘स्पर्धा’ एवढेच लिहिलेले चालवून घेतले, तर पुढच्या फेरीत आकडे सुधारायला हाती काहीच उरत नाही.