पुसलेली ज्योत आणि अडवलेली ज्योत

नाशिकच्या भांडी बाजारात फळीवर पितळी तांब्या आहे आणि त्याच्यामागे समई तेवते आहे, असं धरा. समोरून ज्योत दिसत नाही. मान दोन बोटं डावीकडे नेली की तांब्याच्या गळ्यापाशी, जिथे तो आत वळतो, तिथून ज्योतीचं टोक डोकावतं. आणखी सरकलं की अख्खी ज्योत.

हेच संगणकावर उभं करताना 'मागचं दिसू नये' असं आपण दोन निराळ्या कामांना म्हणतो, आणि घोळ तिथेच होतो.

पडद्यावरच्या थ्रीडी चित्रात बघणारा कॅमेरा एकच असतो. त्यामुळे झेड-बफर, म्हणजे कोणता पृष्ठभाग किती दूर आहे याची नोंद, प्रत्येक पिक्सेलला सर्वांत जवळचा पृष्ठभाग ठेवतो आणि मागचं टाकून देतो. ज्योत पुसली, काम झालं. कॅमेरा हलला तर चित्र नव्याने काढायचं.

होलोग्राम म्हणजे वस्तूकडून येणाऱ्या प्रकाशलहरींचा ठसा. तो एकदाच काढायचा असतो, आणि तो बघणारे डोळे कुठेही असू शकतात. त्याच्या प्रत्येक पिक्सेलवर देखाव्याच्या अनेक बिंदूंकडून लहरी येतात. एका जागेवरून ज्योत पुसून टाकली, तर मान हलवल्यावर तिच्या जागी काळं भोक दिसतं. काहीच न पुसता सगळ्या बिंदूंच्या लहरी नुसत्या बेरजेत घेतल्या, तर ज्योत तांब्यातून आरपार दिसते आणि पितळेची काच होते. बेरजेला पुढचं-मागचं कळत नाही. खऱ्या वस्तूचा लेझरने होलोग्राम घेताना हा प्रश्नच येत नाही, कारण तिथे पितळ स्वतःच प्रकाश अडवतं.

म्हणून इथे ज्योत ठेवायची आणि तिची लहर वाटेत अडवायची. मागून येणारी लहर गणिताने तांब्याच्या प्रतलापर्यंत आणायची, तांब्याच्या आकाराएवढा भाग शून्य करायचा, मग तांब्याची स्वतःची लहर मिळवून पुढे पाठवायची. कडेने निसटलेली लहर तिरकी पुढे जाते, म्हणूनच बाजूने बघणाऱ्याला ज्योत सापडते. जपानच्या कान्साई विद्यापीठातल्या क्योजी मात्सुशिमा यांनी ही छायाकृतीची पद्धत वापरून २००९ मध्ये व्हीनसच्या पुतळ्याचा होलोग्राम केला. त्यात उभे-आडवे ६५,५३६ पिक्सेल, म्हणजे ४२९ कोटींहून जास्त. एकेक पिक्सेल मायक्रॉनभर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, त्यामुळे अख्खा होलोग्राम जेमतेम साडेसहा सेंटिमीटरचा.

मला ही पद्धत फार आवडते, पण तिलाही मर्यादा आहे. अख्ख्या वस्तूची एकच छाया घेतली, तर तांब्याच्या तोंडातली मागची भिंत पुढच्या काठाआड नीट झाकली जात नाही. तिथे पृष्ठभागाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र छाया लागते आणि हिशेब कैक पटींनी वाढतो.

अडवणं जमलं तरी पितळ पितळ दिसायला चकाकी उरतेच. पडद्यावर ती रंगात मिसळली तरी खपते, कारण बघण्याची जागा ठरलेली. होलोग्राममध्ये पृष्ठभागाने कोणत्या दिशेला किती प्रकाश पाठवायचा हे लहरीतच घालावं लागतं. चकाकी नुसती रंगवली, तर मान हलवली तरी ती जागची हलत नाही आणि तांब्या रंगवलेल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो.